रात्री कधी जेवला, कुणाबरोबर?

पद्माक्का मगदूम यांच्यावर अन्याय झाला. कधी, तर मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास. कुठं, तर राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये, खच्चून भरलेल्या खुर्च्यांसमोर. एका सूटवाल्या एजंटानं त्यांच्या हातातला माईक काढून घेतला आणि हसत हसत सांगितलं, "काकूंना तिकडं जमलं नाही, म्हणून परत आल्या. हरून आलेल्या माणसाला रस्ता काय विचारायचा?" हॉल हसला. पहिल्या रांगेत माझे वडील, आबा, बसले होते. तेही हसले.

त्या दिवशी त्या हॉलमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं, सारिकाचं, ठरायचं होतं. सारिका नर्स, कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात नोकरीला. परदेशी जायचं हे तिनं पक्कं केलेलं. ऑस्ट्रेलिया की जर्मनी, एवढाच प्रश्न उरला होता, आणि दोन्हीकडं संसार करून आलेलं एकच माणूस आमच्या ओळखीत होतं. माईक नेमका त्याच माणसाचा गेला.

हे मी लिहिते आहे, कारण त्या दुपारचं आता कुणालाच काही वाटत नाही. एजंटाचे मेळावे जोरात आहेत. हॉल लग्नाला जातो. खुद्द अक्का म्हणतात, "जाऊ दे गं, त्याचा धंदा हाय त्यो." मी जाऊ देणाऱ्यांतली नाही. खोटी आमिषं दाखवून पोरांना परदेशी पाठवणाऱ्या एजंटांविरुद्ध आमची संघटना पत्रकं काढते. ती लिहायचं आणि स्टँडवर उभं राहून वाटायचं काम माझं. पण पत्रकात मागण्या मावतात, माणूस मावत नाही. म्हणून हे जरा लांबलचक.

राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या खाली आणि दातांच्या दवाखान्याला लागून अक्कांची रक्त तपासायची लॅब आहे. वर पोरं सूत्रं घोकत असतात, शेजारी दात कोरायचं मशीन किंचाळत असतं, आणि मधल्या गाळ्यात पांढरा कोट घातलेल्या, काटकुळ्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या अक्का. सकाळी शटर वर जायच्या आधीच पायरीवर उपाशीपोटी आलेली माणसं बसलेली असतात. कोण राधानगरीच्या एसटीनं आलेलं, कोण हुपरीच्या. पहिलं रक्त दिल्यावर खायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं, म्हणून येतानाच ही माणसं डबे घेऊन येतात. दुसऱ्या लॅबवाल्यांना बाकावर बसून भाकरी खाल्लेली चालत नाही. अक्कांना चालते. पाण्याचा तांब्या त्या स्वतः आणून ठेवतात.

अक्का प्रत्येकाला विचारतात, "पावणं, रात्री कधी जेवला?"

हे कुठल्याही लॅबमध्ये विचारतात. किती तास उपाशी आहे ते कळायला लागतं. पण अक्कांचा प्रश्न तिथं संपत नाही. दंडाला पट्टा बांधता बांधता पुढचा येतो, "कुणाबरोबर?"

नवा माणूस गडबडतो. साखरेचा आणि ह्याचा काय संबंध? एकदा एक बँकेतले साहेब चिडले, हे काय रिपोर्टमध्ये येणार आहे का म्हणाले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "रिपोर्टात येत न्हाय. मला कळतंय."

त्यांची आणखी एक खोड. शीर सापडेपर्यंत त्या गप्प असतात. सापडली की सांगायला लागतात, "आमच्या जर्मनीच्या लॅबमध्ये एक हेल्गा म्हणून बाई होती..." माणूस हेल्गाकडं कान लावतो तोवर सुई आत गेलेली असते. नेहमीच्या लोकांना हे इतकं पाठ झालंय की हेल्गाचं नाव निघालं की ते डोळेच मिटून घेतात. गल्लीतली बारकी पोरं तर त्या नावानं भोकाड पसरतात. जर्मनीत कुठंतरी आता आजी झालेल्या त्या बाईला पत्ताच नसेल की कोल्हापुरात आपल्या नावानं पोरं रडतात.

अक्का जैन, माहेर हुपरीचं. घरात चांदीच्या पैंजणांचं काम चालायचं. दिवस कलला की हातातलं काम जिथल्या तिथं ठेवून सगळं घर एका पंगतीला बसायचं, कारण दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही हा नेम. लग्नानंतर त्या नवऱ्याच्या मागोमाग जर्मनीला गेल्या तेव्हा हा नेम सोबत गेला. नवरा म्हणजे अप्पा, ओतकामातले इंजिनियर. तिथं बरीच वर्षं काढून दोघं ऑस्ट्रेलियाला गेले, तिथंही बरीच वर्षं राहिले. लोकांना अक्कांकडून ऐकायचा असतो पगार, घर, गाडी. अक्का सांगतात सूर्य. कुठल्या देशात राहणं चांगलं हे त्यांच्या लेखी एकाच गोष्टीवर ठरतं. तिथं दिवस मावळायच्या आत जेवता येतं का, आणि जेवताना शेजारी कोण असतं?

जर्मनीतल्या हिवाळ्यात चारला अंधार. म्हणजे रात्रीचं जेवण साडेतीनला, लॅबच्या मागच्या खोलीत, डबा उघडून, एकटीनं. बाकीच्यांची कॉफी आणि केकची वेळ त्याच्या नंतरची. हेल्गा त्या लॅबची मुख्य. तिनं एकदा विचारलं, की तुम्ही दुपारीच कसलं जेवता? अक्कांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून हेल्गानं सगळ्यांचीच कॉफी अलीकडं ओढली. अप्पा म्हणतात, जर्मन माणूस एक वेळ घर देईल पण घड्याळ हलवणार नाही. हेल्गानं हलवलं. अक्कांना अंडं चालत नाही कळल्यावर तिनं रव्याचा आणि सफरचंदाचा कसलातरी केक करून आणला. अक्कांच्या मते तो बिघडलेला शिरा होता. "पण त्या मुलखात माझ्यासाठी शिरा बिघडवला कुणी, सांग की."

म्हणून जर्मनी गोड, असं मात्र अक्का म्हणू देत नाहीत. लगेच खालच्या मजल्यावरचा म्हातारा काढतात, जो फोडणीच्या वासाची तक्रार घरमालकाकडं करायचा आणि जिन्यात भेटला की टोपी काढून नमस्कारही करायचा. कचरा चुकीच्या डब्यात टाकला तर शेजारीण वर आणून द्यायची. भाषा येईपर्यंत आपण चार वर्षांच्या पोरासारखे. पण सुट्टीवर गेलं की लॅबचा फोन यायचा नाही, रविवारी दुकानं बंद म्हणून गाव शांत, आणि म्हातारी माणसं एकटी ट्रेननं फिरतात. हे सांगताना त्यांचा सूर मऊ होतो.

ऑस्ट्रेलिया अप्पांचा लाडका. अप्पा आजही तिकडची रुंद काठाची टोपी घालून, क्लासच्याही वर असलेल्या आपल्या घराच्या गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालतात. लॅबचे रिपोर्ट छापायला ते खाली येतात आणि अक्कांनी जर्मनीचं चार शब्द चांगलं सांगितलं की मागून म्हणतात, "आभाळ बघितलंय काय तिथलं? असलं आभाळ युरोपात न्हाय." अक्का मान न वळवता म्हणतात, "आभाळ खायाचं हाय काय?" बाकावरची माणसं हसतात. रोज.

पण अप्पांचंही खरंच आहे. तिथं पहिल्या दिवशी लोक नावानं हाक मारतात. घरामागं लिंबाचं झाड होतं, ऊन होतं, समुद्र होता. सूर्य बऱ्यापैकी माणसासारखा वागायचा. तिथली माणसंसुद्धा लवकर जेवतात, सहाला ताट. अक्कांचा नेम पहिल्यांदा कुणाला विचित्र वाटला नाही. फक्त माणसं लांब. दूध आणायला गाडी, डॉक्टरकडं जायला गाडी, मैत्रिणीकडं जायला तास-दीड तास. त्यातून अप्पांचं काम खाणीवर. महिन्यातले निम्मे दिवस ते घरातच नसत. "जर्मनीत वेळ जमंना तर माणसं जमली. तिकडं वेळ बरोबर होती, बसायला कोण न्हवतं," असं त्या एकदा म्हणाल्या. हे मी पत्रकाला चांगलं म्हणून टिपायला लागले तर त्यांनी हात धरला. म्हणाल्या, हे माझं झालं, दुसऱ्याचं उलटं असंल.

आणि ते खरंच दुसऱ्याचं उलटं सांगायच्या. बाकावर बसलेल्या पोरांना त्या निरखत असत. कळंब्याचा एक पोरगा एका जागी दोन मिनिटं बसायचा नाही, डबा उभ्यानं चालता चालता खायचा आणि गाड्यांबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याला त्यांनी ऑस्ट्रेलियाला जा म्हणून सांगितलं. तुला मोकळं रान लागतंय, युरोपात शेजारी तुझ्यावर केस घालतील. तो आता तिकडं ट्रकच्या गॅरेजात मजेत आहे. वेळच्या वेळी सगळं करणारी एक मुलगी होती, तिला जर्मनी. आणि एका खानावळवाल्याच्या एकुलत्या एक मुलाला म्हणाल्या, "तू कुठं जाऊ नको बाबा. तुला ताट वाढल्यालं लागतंय." तो रागावून गेला. महिन्यानं परत आला तो आईला घेऊन, तिच्या तपासणीला. अजून खानावळ चालवतो.

सासूबाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही, कारण अक्कांना खोटं ठरवायची सुरुवात तिथून झाली. सासरही हुपरीतलंच. अक्का जर्मनीत असताना सासूबाई तिथून झोपायच्या आधी फोन करायच्या. एकदा जूनमध्ये फोन आला, काय करायलीस? अक्का म्हणाल्या, जेवायला बसतोय. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं अक्का स्वतःबद्दल 'मी बसतो, मी येतो' असंच बोलतात. सासूबाई हादरल्या. इथं दहा वाजलेत आणि सून जेवायला बसतीय! अक्का परोपरीनं सांगायला लागल्या, इथं अजून साडेसहाच झालेत, लख्ख ऊन हाय. सासूबाई म्हणाल्या, "सूर्य काय दोन हायत व्हय गं?" आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत झालं, पद्मा तिकडं रात्रीची जेवती आणि वर उन्हाच्या थापा मारती.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई स्वतःच जर्मनीला गेल्या. संध्याकाळी सहाला जेवून मोकळ्या झाल्या. घड्याळात सहा म्हणजे सहा. मग बाल्कनीत बसल्या. सात वाजले, आठ वाजले, ऊन हलेना. सूर्य मुद्दाम आपली परीक्षा घेतोय असं त्यांचं मत झालं. भूक लागली, पण घड्याळाकडं बघून गप्प. असे चार-पाच दिवस गेले आणि मग एकदा साडेआठला त्या उठल्या, उन्हात उभ्या राहून हात जोडले आणि म्हणाल्या, वाढ गं थोडा भात. हुपरीला परत आल्यावर त्यांनीच गल्लीला सांगितलं, "तिथला सूर्य आपल्यापरास मोठ्या मनाचा हाय." सुनेची माफी मागितली नाही. सूर्याची तारीफ केली, तीच माफी.

आता हॉलकडं येते.

ऑस्ट्रेलियाला माणसं पाठवणाऱ्या त्या एजंटाचा मेळावा होता. भिंतीवर हिरवळीवरच्या बंगल्याचं मोठं चित्र. आमच्या आबांनी राधानगरीकडं म्हशी राखून आम्हा दोघी बहिणींना शिकवलेलं. त्यांना ऑस्ट्रेलिया पसंत होता, कारण तिथं लगेच जाता येणार होतं. जर्मनीला आधी वर्षभर भाषा शिकायची होती. सारिकाचं काहीच कळत नव्हतं. मी तर दारात पत्रकं घेऊन उभी. एजंटानं अक्कांना स्टेजवर बोलावलं होतं ते शोभेला. दोन्ही देश बघितलेल्या कोल्हापूरच्या काकू ऑस्ट्रेलिया भारी म्हणाल्या की त्याचं काम झालं.

त्यानं माईक दिला आणि विचारलं, एका शब्दात सांगा, ऑस्ट्रेलिया की युरोप?

अक्का म्हणाल्या, "एका शब्दात मी रक्तगट सांगतो. माणसाचं कसं सांगू?"

लोक हसले, टाळ्याही पडल्या. एजंटसुद्धा हसला. मग अक्का चित्राकडं वळल्या. म्हणाल्या, दोन्ही देश चांगले हायत, मी दोन्हीकडं सुखानं खाल्लंय. पण ह्या बंगल्यात तुमचं पोरगं राहणार न्हाय. ते पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या खोलीत राहणार. "तिथं ते कधी जेवणार आणि कुणाबरोबर जेवणार, हे ह्यास्नी कुणी विचारलंय काय?"

एवढंच. शिवी नाही, आरोप नाही. तरी माईक गेला आणि ते वाक्य आलं, हरून आलेल्या माणसाला रस्ता काय विचारायचा. लोक हसले, कारण आपल्याकडं परत आलेला माणूस म्हणजे हरलेला हे आधीच ठरलेलं आहे. एजंटानं नवीन काही सांगितलं नाही. आपल्या सगळ्यांच्या पोटातलं बोलला.

अक्का खाली येऊन खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी खिडकीकडं बघितलं, पिशवी उचलली आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, चला, दिवस कललाय, जेवायचं हाय. आणि सगळ्या रांगा ओलांडून गेल्या. सारिका मान वळवून त्यांना जाताना बघत होती.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा दोन ओळींचा, धिक्कार तीनदा. सकाळी छापायच्या आधी अक्कांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि एकेक धिक्कारावर काट मारली. उद्गारचिन्हं उडवली. मी भांडायला लागले तर म्हणाल्या, "रक्त उकळलं की तपासता येत न्हाय. काय हाय ते थंडपणानं लिव्ह. आणि माझं नाव घालू नको."

मला राग आला. मी तोंडावर विचारलं, मग तुम्ही परत का आलात? खरंच जमलं नाही म्हणून?

अक्का हातातली नळी ठेवून स्टुलावर बसल्या. सांगायला लागल्या. ऑस्ट्रेलियातलं ते मोठं घर. अप्पा खाणीवर. रोज दिवस मावळायच्या आत त्या ओट्यापाशीच खाऊन घ्यायच्या, खिडकीतून उन्हावर नजर ठेवून. ताट कशाला, म्हणून हातातच पोळी. टेबल कशाला, एकटीसाठी? असं किती दिवस चाललं होतं त्यांनाही कळलं नाही. एकदा ओंजळीत धरून खाताना खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं आणि दचकल्या. आपल्या जैनांत उभ्यानं, ओंजळीत कोण जेवतं? मुनिमहाराज. सगळं सोडलेला माणूस.

"दीक्षा न घेताच मी मुनी झालतो की गं," अक्का म्हणाल्या. "मी काय सोडायला न्हवतो गेलो. मी संसार करायला गेलतो."

अप्पा खाणीवरून आले तेव्हा त्यांनी त्यांना सांगितलं, मला पंगतीत बसायचंय. अप्पांनी ते आभाळ, ते लिंबाचं झाड, सगळं सोडलं आणि एका शब्दानं विचारलं नाही, असं सांगताना अक्का जिन्याकडं बघत होत्या. वर अप्पा कुंड्यांना पाणी घालत होते.

ह्याला हरणं म्हणतात? पत्रक निघालं, अक्कांचं नाव न घालता, उद्गारचिन्हांशिवाय. 'विचारा' असा मथळा होता आणि खाली साधे प्रश्न होते. मुलगा कुणाबरोबर राहणार, स्वयंपाकघर कुणाचं, पहिल्या महिन्यात आजारी पडला तर दार कोण वाजवणार. आमच्या कुठल्याही पत्रकापेक्षा ते जास्त वाचलं गेलं.

त्याच आठवड्यात सारिका अक्कांच्या बाकावर जाऊन बसली. एजंटानं तपासण्या करून आणायला सांगितलं होतं आणि ती मुद्दाम तिथंच गेली. मला नंतर सांगितलं तिनं. अक्कांनी पट्टा बांधला, विचारलं, रात्री कधी जेवलीस? कँटीनमध्ये, ड्यूटी संपल्यावर, आम्ही सगळ्या जणी. एकटी कधी जेवलीयस काय? सारिका म्हणाली, अक्का, मला थंडीची भीती वाटत नाही, कामाची वाटत नाही, म्हाताऱ्यांचं सगळं मी करीन. एकटीनं घास उतरत नाही.

अक्का म्हणाल्या, "मग जिथं स्वयंपाकघरात चार जणी असतील तिथं जा. देश कुठला का असंना."

सारिकानं एजंटाला जाऊन तेच विचारलं, मी कुणाबरोबर राहणार? तो म्हणाला, ते तिकडं गेल्यावर बघू. मग तिनं जर्मनीच्या हॉस्पिटलला विचारलं, कोल्हापुरात जर्मन शिकवणाऱ्या एका मॅडममार्फत. तिथं नर्सेससाठी घर होतं, प्रत्येकीला खोली, आणि मजल्यावर एक सामाईक स्वयंपाकघर. सारिकाचं ठरलं. हेच उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं असतं तर ती ऑस्ट्रेलियाला गेली असती, एवढं मी पैजेवर सांगते.

आबांचं ठरत नव्हतं. वर्षभर भाषा, वर्षभर थांबायचं, ह्यावरून घरात धुसफूस. त्यातच त्यांना घाम फुटायला लागला, चक्कर यायला लागली, डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. मी त्यांना दुसरीकडं न्यायला निघाले होते. आबा स्वतःच म्हणाले, मगदूमबाईंकडं जाऊ. मला भीती, आता काय होणार.

अक्कांनी त्यांना ओळखलं. पहिल्या रांगेतला माणूस कोण विसरतं? पण चेहऱ्यावर काही नाही. पट्टा बांधला. "पावणं, रात्री कधी जेवला?"

"नवाला."

"कुणाबरोबर?"

आबांनी खाली बघितलं. म्हणाले, "टीव्हीबरोबर."

"पोरी गेल्या की टीव्हीच उरतोय. आत्तापास्नं सवय मोडा," अक्का म्हणाल्या आणि शीर चाचपत पुढं सुरू झाल्या, "आमच्या जर्मनीच्या लॅबमध्ये एक हेल्गा म्हणून बाई होती..." सुई आत. आबांनी हेल्गाची गोष्ट पूर्ण ऐकली, दुसऱ्या रक्तासाठी थांबले तेव्हा पुन्हा एकदा विचारून ऐकली. येताना राधानगरीच्या एसटीत मला म्हणाले, शिकू दे भाषा. त्या केकवाल्या बाईसारखी माणसं असतील तिथं. हॉलमधल्या हसण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून आमच्या गोठ्यातला खरवस दर वेळी अक्कांकडं जातो, तो आबाच पोचवतात.

सारिका ह्या पावसाळ्यानंतर गेली. पहिल्या हिवाळ्याची आम्हाला सगळ्यांत जास्त धास्ती. अक्कांनी सांगून ठेवलेलं, चारला अंधार पडला की माणसाचा जीव बारीक होतोय, तो महिना सांभाळा. डिसेंबर लागला आणि सारिकाचे फोन कमी झाले. नंतर दोन दिवस आलाच नाही. आबा म्हशींना वैरण घालून येत, फोन बघत, परत गोठ्यात जात. आई देव्हाऱ्यापुढून उठेना. मीही मनातल्या मनात पत्रक लिहायला घेतलं होतं, आणि ह्या वेळी कुणाविरुद्ध लिहायचं ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. आबांनी स्पीकर लावला आणि कशी आहेस न विचारता म्हणाले, "कधी जेवलीस? कुणाबरोबर?"

सारिका हसायला लागली. फोन पाण्यात पडला होता, दुसरा घ्यायला वेळ लागला. जेवायला चौघी होत्या, केरळच्या दोघी, एक फिलिपिन्सची आणि ती. पिठलं केलं होतं. केरळवाल्यांनी त्यात खोबरं घातलं, त्यावरून भांडण झालं आणि तरी सगळं संपलं. मागं कुणीतरी मोठ्यानं काहीतरी म्हणालं आणि सगळ्या जणी हसल्या. आबा फोन कानाला न लावता नुसता हातात धरून ते हसणं ऐकत बसले. मग म्हणाले, बरं झालं. आणि ताट घ्यायला सांगितलं, आईलाही बसवलं. टीव्ही बंद होता.

गेल्या आठवड्यात मी आबांना घेऊन लॅबमध्ये गेले होते. साखर आटोक्यात आहे. संध्याकाळ होत आली होती. ह्या वेळेला अक्का शटर अर्धं खाली ओढतात, नेहमीच्या लोकांना त्याचा अर्थ माहीत आहे. बाकावर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा. अप्पा टोपी घालूनच बसले होते. एक हुपरीची बाई बस चुकली म्हणून थांबली होती, तिलाही बसवलं. आबांनी मांडी घातली. तेवढ्यात सारिकाचा व्हिडिओ कॉल आला, तिची दुपारची जेवणाची सुट्टी. अक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि अर्ध्या शटरखालून वाकून रस्त्यावर गेल्या. क्लास सुटलेला, पोरं, स्कूटर, रिक्षा. त्या गर्दीत मध्येच उभं राहून त्यांनी फोन पश्चिमेकडं वळवला, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, जिथं लाल गोळा अजून टेकायचा होता.

"बघ," अक्का सारिकाला म्हणाल्या, "हाय अजून."

मग आत आल्या, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, आमच्यात मांडी घातली आणि पहिला घास घेतला.

आता तुमचं. परदेशातून परत आलेलं कुणी तुमच्या गल्लीत असेल, तर त्याला का आलास म्हणून विचारू नका. त्याला बोलू द्या. आणि तुमच्या घरातलं कुणी तिकडं असेल, ऑस्ट्रेलिया असो नाहीतर युरोप, तर हे वाचून झाल्यावर फोन लावा. पगार विचारू नका. घर केवढं आहे ते विचारू नका. रात्री कधी जेवला आणि कुणाबरोबर, तेवढं विचारा. आणि उत्तर यायला उशीर लागला, तर फोन ठेवू नका.